म्हसदगडाचा फोटो

सुमेधाला म्हसदगडाचा फोटो हवा होता. फक्त एक!

अंबडच्या खाली, कुरणटाकळी गावासमोर, गोदावरीच्या ऐन पात्रात काळ्या पाषाणाचा एक प्रचंड दगड आहे. पाण्यात म्हैस बसावी तसा. पाठ वर, डोकं किंचित उचललेलं. हिवाळ्यात पाणी ओसरलं की त्याच्या पायाशी वाळूचा पांढरा पट्टा उघडा पडतो, त्यावर करकोचे उतरतात आणि धुक्यातून सूर्य नेमका म्हशीच्या पाठीमागून वर येतो. सुमेधाने हे दोन वर्षांपूर्वी काठावरून पाहिलं होतं. त्या दिवशी ती एका बारशाला आली होती आणि कॅमेरा घरी, जुन्या जालन्यात, कपाटात होता. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

पुण्यातल्या एका प्रकाशनाचा संपादक, स्वानंद नावाचा, गोदावरीवर फोटोंचं मोठं पुस्तक काढत होता. नदी ज्या जिल्ह्यांतून जाते त्या प्रत्येक जिल्ह्याला एक पान. जालन्याच्या पानासाठी सुमेधाने तीन वर्षांत तीसेक फोटो पाठवले आणि दर वेळी त्याचं तेच गोड उत्तर आलं: "छान आहे मॅडम, पण... तुमच्याकडे तसं पाहण्यासारखं काही नाहीच ना!" अंबडच्या शाळेत चौदा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य किती झोंबत असेल, ते त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं. आता त्याने शेवटची मुदत दिली होती, रविवार संध्याकाळी सहा. नाही जमलं तर जालन्याचं पान शेजारच्या जिल्ह्याला. वर अटही होती: निसर्ग निर्मळ हवा, फोटोत माणूस नको आणि माणसाची खूणही नको.

त्यात सोमवारी खालच्या बंधाऱ्याची दारं टाकणार होते. दारं पडली की पाणी तुंबतं आणि म्हसदगड उन्हाळ्यापर्यंत पाण्याखाली जातो. म्हणजे उरली फक्त रविवारची पहाट.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो तिने हे तातेरावमामांना सांगितलं तिथे!

तातेरावमामा तिच्या आईचे भाऊ. वय अडुसष्ट. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केलेली, त्यामुळे तालुक्यातलं प्रत्येक गाव तोंडपाठ आणि आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. कुरणटाकळीत त्यांची ओळख होती, दगडापर्यंत पाण्यातून नेणारा चप्पूवाला तेच ठरवून देणार होते, म्हणून त्यांना घेणं भाग होतं. पण मामांच्या पोटात गोष्ट राहत नसे. "मामा, कुठं बोलू नका," असं सुमेधाने चारदा बजावलं होतं. मामा चारही वेळा म्हणाले, "बिलकुल न्हाई!"

पहाटे चारला जालन्याहून गाडी निघाली आणि अंबडला थांबली, कारण मामांना चहा हवा होता. चहावाला ओळखीचा निघाला. मग त्याच्या मुलीच्या सासरची चौकशी झाली. पुढे उसाची ट्रॉली रस्त्यात कलंडलेली. सुमेधा घड्याळ बघत होती आणि मामा खाली उतरून ट्रॉलीवाल्याला विचारत होते, "तुमी कोण्या गावचे?"

"मामा! बसा गाडीत!"

"अगं, ओळख ठेवाव लागती. ओळखीनं काम व्हतं."

गावाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर गाडी काळ्या मातीच्या चिखलात रुतली. कोणी तरी शेताचं पाणी रस्त्यावर सोडून दिलं होतं. चाकं गरगरली, चिखल उडाला, गाडी तसूभर हलेना. शेवटी सुमेधाने चौदा किलोची बॅग पाठीवर घेतली, तिपाई खांद्यावर टाकली आणि उसातून पायी निघाली. उसाची पाती गालांना कापत होती. बुटांना मातीचे गोळे चिकटून एकेक पाय पायलीएवढा झाला होता. मागून मामा स्वतःशीच हसत चालले होते.

"हसता कशाला?"

"काई न्हाई. तू चल तं खरं. खुश व्हशील."

सुमेधाला तिथेच संशय यायला हवा होता. पण ती चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

काठावर मिथुन उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, मासेमारी करणारा. त्याच्या पायाशी चप्पू होता. थर्माकोलचे जाड ठोकळे जाळ्यात गच्च आवळून वर प्लास्टिक ताणलेलं, आणि वल्हं म्हणून एक फळी. अंथरुणाएवढ्या जागेत तीन माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची.

"हे बुडणार नाही ना?"

"ह्यो बुडत न्हाई, मॅडम. माणूस बुडतो," मिथुन शांतपणे म्हणाला. "हलू नका म्हंजे झालं."

समोर नदी नव्हतीच. पांढरं, दाट धुकं होतं, हाताला लागेल असं. मिथुन म्हणाला, "डोळे बांधले तरी म्हसदगडाव नेतो." आणि चप्पू धुक्यात शिरला.

पंधरा मिनिटं गेली. दगड काही येईना. पाण्यावर एक पिवळी चप्पल तरंगत गेली. आणखी दहा मिनिटांनी तीच पिवळी चप्पल पुन्हा तरंगत आली!

"मिथुनभाऊ, आपण गोल फिरतोय."

"न्हाई, न्हाई. चप्पल फिरून राह्यली."

सुमेधाने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. दहाव्या आकड्याला दुरून भोंगा वाजला. एकदा. दोनदा. मिथुनचा फळी मारणारा हात थांबला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला दिसला.

"बंधाऱ्याचा भोंगा हाय," तो म्हणाला. "दारं टाकून राह्यले!"

"आज? दारं उद्या आहेत ना?"

उत्तर मिळायच्या आत पाण्यानेच ते दिलं. चप्पूला खालून ओढ लागली. बहुतेक दारं पडली होती आणि उरलेल्या एक-दोन मोऱ्यांतून सगळी नदी घुसत होती. धुक्याआड घुमणारा आवाज वाढायला लागला. मिथुन गुडघ्यांवर उठला. फळी पाण्यात खुपसली. चप्पू वळला, पुन्हा फिरला. कोपऱ्यावरचा एक ठोकळा झाडाच्या बुडालेल्या फांदीला अडकला, करकरला आणि तुटून वाहून गेला! थंड पाणी सुमेधाच्या मांडीखाली शिरलं. मामांनी तिचं मनगट धरलं. त्यांचं बोलणं बंद झालेलं तिने आयुष्यात प्रथमच ऐकलं.

"कुनीकडं जाऊ?" मिथुन ओरडला. "दगड कुनीकडं, काईच समजंना!"

आणि तेवढ्यात तिला वास आला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे बाक रंगवले होते, आठवडाभर सगळ्यांची डोकी दुखली होती. तोच वास! ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन. भर गोदावरीत!

"डावीकडून वारा येतोय," ती म्हणाली. "तिकडे कुठे तरी रंग आहे. रंग आहे म्हणजे जमीन आहे. मारा फळी! त्या वासावर चला!"

मिथुनने विचारलं नाही. मारली फळी. एक, दोन, एक, दोन! सुमेधा तिपाई पाण्यात घालून दुसऱ्या बाजूने रेटत होती. तिचे खांदे पेटले होते. वास विरला. परत आला. दाट झाला. धुक्यात काहीतरी पांढरं उभं राहिलं आणि चप्पू वाळूवर खसकन घासला.

वाचलो! तिघंही वाळूवर ओल्या गोणपाटासारखी पडली. मग सुमेधाने मान वर केली.

धुकं जरा वर सरकलं होतं. म्हसदगड तिच्यासमोर पंधरा हातांवर होता. पण तो काळा नव्हता. म्हशीची काठाकडची आख्खी कूस पांढऱ्या रंगाने फासलेली होती आणि तिच्यावर गडद निळ्या, हातभर उंचीच्या, फार सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं:

सुस्वागतम्
सुमेधा मॅडम, जालना
यांचे कुरणटाकळी नगरीत हार्दिक स्वागत
शुभेच्छुक: समस्त गावकरी

खाली, वाळूच्या लगत, बारीक अक्षरांत: पेंटर अप्पाराव. आणि मोबाइल नंबर.

दगडाच्या टोकावर डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक म्हातारा बसला होता. त्यांना पाहून त्याने दोन्ही हात वर केले. ओरडलाही असावा, पण त्याचा आवाज पार बसलेला होता.

"कसं हाय?" मामांनी जीव मुठीत असतानाही हळूच विचारलं. "म्या सांगितलं गावाला. बाई पुस्तकासाठी फोटो काढायला येऊन राह्यली म्हनून. मंग गाव म्हनलं, एवढी जालन्याहून येती तं स्वागत नको?"

तीन वर्षं! तीस फोटो! माणसाची खूणही नको म्हणाला होता स्वानंद, आणि इथे मोबाइल नंबरसकट खूण उभी होती! सुमेधाला रडावंसं वाटलं, मामांना नदीत ढकलावंसं वाटलं. यातलं काहीच करता येईना, म्हणून तिने बॅगेतून कॅमेरा ओढला आणि रागारागाने एक फोटो घेतला. नंतर मामांना जन्मभर दाखवता यावा म्हणून.

म्हातारा घसरत खाली आला. थंडीने त्याची हनुवटी थडथडत होती. हाच अप्पाराव. गावातल्या शाळेची, पंचायतीची, दुकानांची प्रत्येक भिंत त्याच्या हातची.

"ताई, काल दुपारी आल्तो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सर्जेरावनं त्याच्या चप्पूनं आणून सोडलं, मोबाइल घरीच राह्यला. सांजच्याला घेऊन जातो म्हनला. आन् गेला हळदीला!"

"कोणाच्या हळदीला?"

"बंधाऱ्यावरच्या मुकादमाच्या पोरीच्या. उद्या लगीन हाय न्हवं."

सुमेधाने कपाळावर हात मारला. उद्या लग्न, म्हणून मुकादमाने दारं आजच उरकली होती. एका लग्नाने म्हाताऱ्याला रात्रभर दगडावर बसवलं होतं आणि आता चौघांच्या पायाखालची वाळू काढून घेतली होती. कारण पाणी चढत होतं. बोलता बोलता ते अप्पारावच्या मोबाइल नंबरला टेकलं.

"तीन म्हंजे तीनच," मिथुनने तुटका कोपरा दाखवला. "मी आन् दोघं. चौथ्याला थांबाव लागंल."

"मी थांबतो," मामा लगेच म्हणाले. "हे समदं माझ्यामुळं झालं."

"तुम्हाला पोहता येतं?"

"न्हाई. तुला?"

सुमेधाने त्यांना दंडाला धरून चप्पूकडे वळवलं. "अप्पारावांना ताप भरलाय. तुम्ही अडुसष्टचे. मी दगडावर चढू शकते, तुम्ही नाही. बसा."

"सुमे..."

"मामा, आज तरी माझं एक ऐका! बसा जल्दी!"

ते बसले. चप्पू धुक्यात दिसेनासा होईपर्यंत मामा मागे वळून बघत होते.

सुमेधा बॅग घेऊन म्हशीच्या पाठीवर चढली. दगड ओला, शेवाळलेला. दोनदा पाय सटकला, गुडघा फुटला. वर पोचून बघते तो वाळूचा पट्टा गेलेला! तिपाई खालीच राहिली होती. पाण्याने ती अलगद उचलली, उभीच्या उभी थोडी चालवली आणि नेली. समस्त गावकरी बुडाले. कुरणटाकळी नगरी बुडाली. पाण्याचा आवाज आता चहूकडून येत होता, आणि ती दगडाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. भीती वाटत होती. तिला घरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आठवले, तपासायचे राहिलेले सहामाहीचे पेपर आठवले.

आणि नेमक्या त्याच वेळी धुकं फाटलं!

दोन्ही काठ दिसले. पाणी काचेसारखं पसरलं होतं. सूर्य धुक्याच्या पदराआड जुन्या रुपयासारखा फिकट होता, आणि उत्तरेकडून करकोचे आले, पन्नास, शंभर, घशातून करकरत, बसायला वाळू शोधत. ती ज्याची दोन वर्षं वाट बघत होती ते सगळं एकाच वेळी तिच्यासमोर हजर होतं. फक्त म्हसदगड फोटोत येणार नव्हता, कारण ती त्याच्यावरच बसली होती!

ती हसली. काय करणार? एकटी, मोठ्याने, वेड्यासारखी हसली.

पाणी "सुमेधा मॅडम, जालना" गिळून वर आलं, तेव्हा तिच्या पायाखाली फक्त "सुस्वागतम्" शिल्लक होतं. तेवढ्यात मिथुनची हाक आली. एकटाच होता, फळी दोन्ही बाजूंनी मारत येत होता. "हळू उतरा! बॅग आधी!" तिने बॅग सोडली, त्याने झेलली. ती उतरायला लागली, पाय शेवाळ्यावरून गेला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात! मिथुनने तिची ओढणी धरली, मग दंड धरला. "सोडू नका!" ती ओरडली. "सोडत न्हाई!" तो ओरडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि ती चप्पूवर पालथी पडली.

काठ निम्म्यावर आला तेव्हा तिने मागे बघितलं. "सुस्वागतम्"ही गेलं होतं. उरली होती फक्त काळी, ओली, स्वच्छ पाठ, तिच्यामागे सूर्य, वर करकोच्यांची रांग. माणूस नाही. माणसाची खूण नाही.

"मिथुनभाऊ, एक मिनिट हलू नका."

"एकच," तो म्हणाला आणि फळी छातीशी धरून श्वास रोखून बसला. सुमेधाने कॅमेरा काढला. फोटो आला. अगदी हवा होता तसा.

काठावर शेकोटी पेटली होती आणि गावातली वीसेक माणसं जमली होती. मामा तिला बघून उठले. त्यांनी स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिला त्यांचा राग आला होता, तो अजून पुष्कळ शिल्लक होता. पण ती शाल तिने काढली नाही.

अप्पाराव घोंगडीत गुंडाळलेला होता. "ताई," तो म्हणाला, "अक्षरं बराबर आली का? रात झाल्ती, शेवटची वळ अंदाजानं लिहिली."

तिने त्याला रागाने काढलेला फोटो दाखवला. त्याने कॅमेरा दोन्ही हातांत जपून धरला. धुकं, पांढरी कूस, निळी अक्षरं, आणि टोकावर हात वर केलेला तो.

"म्या बी आलोय व्हय ह्यात!" तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या गावाला कुनी फोटो काढाया कधी आल्तं न्हाई, ताई. म्हनून वाटलं, काई तरी केलं पाहिजे."

सुमेधाने कॅमेरा परत घेतला आणि दोन्ही फोटो पुनःपुन्हा बघितले. दुसरा सुंदर होता. निर्मळ होता. आणि तो कुठल्याही नदीचा, कुठल्याही राज्याचा असू शकला असता. खाली जालना लिहिल्याशिवाय कोणाला कळलं नसतं. पहिल्यात मात्र जालना दगडावर लिहिलेलंच होतं, आणि तो जगात दुसरीकडे कुठेच काढता आला नसता. तीन वर्षं ती ज्याच्यासाठी भांडत होती ते हेच नव्हतं का? इतका सुरेख फोटो सोडताना तिचा जीव तुटला. पण तिने तो सोडला आणि पहिला मोबाइलवर घेऊन स्वानंदला पाठवून दिला.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. त्याच्याशी ती नेहमी शाळेतलं, इस्त्री केलेलं मराठी बोलायची.

"मॅडम, काय जबरदस्त धुकं मिळालंय! फक्त ती अक्षरं... कॉम्प्युटरवर काढून टाकता येतील का?"

"न्हाई," सुमेधा म्हणाली. "ऑइलपेंट हाय. निघत न्हाई."

"अं? बरं, मग निदान तो वर बसलेला माणूस?"

सुमेधाने शेकोटीपलीकडे बघितलं. अप्पाराव बशीतला चहा फुंकत होता आणि गावातल्या बायकांना हाताने दाखवत होता, अक्षरं एवढाली होती.

"त्यो तं बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "रातभर बसल्ता तिथं, माझं स्वागत करायला."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला.

"त्यांचं नाव काय?" स्वानंदने विचारलं. "फोटोखाली लिहावं लागेल."

सुमेधाने फोन अप्पारावपुढे धरला. "सांगा," ती म्हणाली, "पुण्याहून विचारतायत."